टीडीएस मीटरचा आकडा खरा, पण सोबतचा तक्ता कुणाचा?

पेनापेक्षा थोडा जाड, वरच्या बाजूला आकड्यांची छोटी खिडकी, आणि टोपण काढलं की खाली धातूच्या दोन बारीक पिना. पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचा अंदाज देणारा हा टीडीएस मीटर मी लॅमिंग्टन रोडवरून दोनशे रुपयांना घेतला. ऑनलाइन याहून थोडा स्वस्त मिळतो, पण मला तो हातात धरून, पाण्यात बुडवून मगच घ्यायचा होता. दुकानदाराने स्वतःच्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून दिलं, आकडा दाखवला आणि दोन सेल जास्तीचे दिले. वस्तू म्हणून तक्रारीला जागा नाही. या वस्तूच्या आधाराने लोकांना जे सांगितलं जातं, त्याबद्दल मात्र मला बरंच बोलायचं आहे.

मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते. नोकरी शाळेच्या प्रयोगशाळेत झाली, आता निवृत्त आहे आणि सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्याकडे आहे. पाण्याची कुठलीही तक्रार आधी माझ्या दारात येते. पावसाळ्याच्या तोंडावर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी हातात चिठ्ठी घेऊन आल्या. प्युरिफायर विकणारा माणूस येऊन गेला होता. त्याने त्यांच्या नळाचं पाणी मोजलं, आकडा शंभराच्या वर दाखवला आणि ‘पन्नासच्या वर गेलं की किडनीला धोका’ असं सांगून, पाण्यातले क्षार काढून टाकणाऱ्या चौदा हजारांच्या आरओ मशीनचा भाव लिहून दिला. वहिनींच्या घरी सासऱ्यांची तब्येत नाजूक. त्या घाबरल्या होत्या आणि घाबरणं साहजिक होतं. मीटर घ्यायचं कारण हे.

आधी यंत्राविषयी. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या पदार्थांचं एका लिटरमागे मिलिग्रॅममध्ये वजन. प्रयोगशाळेत ते नीट काढायचं तर पाणी गाळून, आटवून, मागे उरलेला थर तोलतात. हा पेन यातलं काहीच करत नाही. तो दोन पिनांमधून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतो, पाणी तो किती वाहून नेतं ते बघतो, आणि त्या वाहकतेला एका ठरलेल्या संख्येने गुणून टीडीएसचा अंदाज देतो. ही ठरलेली संख्या सगळ्या मीटरमध्ये सारखी नसते. काही कंपन्या ०.५ धरतात, काही ०.७. माझा ०.५ चा आहे. प्रिन्सेस स्ट्रीटवर प्रयोगशाळांचं सामान मिळतं, तिथून मी १४१३ मायक्रोसीमेन्सचं (हे वाहकतेचं एकक) प्रमाणित द्रावण, म्हणजे ज्याची वाहकता आधीच ठाऊक असते असं द्रावण, आणलं. त्यात हा मीटर ७०६ च्या जवळपास दाखवायला हवा. त्याने ६९२ दाखवलं. दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी ही उत्तम कामगिरी आहे.

वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या नळाला त्याने ७२ दाखवलं. विक्रेत्याच्या मीटरवर शंभराच्या वर गेलेलं तेच पाणी. ७२ च्या मागची वाहकता साधारण १४४. तिला ०.७ ने गुणलं की उत्तर १०१ येतं. म्हणजे दोन्ही मीटर चालू, दोन्ही बरोबर, आणि आकड्यात मात्र चाळीस टक्क्यांचा फरक. मीटर घेताना डबीवर हा गुणक छापलेला आहे का ते बघा. नसेल तर दुकानदाराला विचारा. शेजारच्याच्या मीटरशी तुलना करून कुणाचं पाणी चांगलं यावर वाद घालण्याआधी एवढं तरी कळलेलं बरं.

तापमानाचाही परिणाम होतो. पाणी गरम झालं की वाहकता वाढते, दर अंशाला साधारण दोन टक्के. हा मीटर तापमान बघून ते सांभाळून घेतो, पण थोडा वेळ लागतो. फ्रीजमधल्या पाण्यात बुडवला की आकडा आधी इकडेतिकडे पळतो आणि मग स्थिरावतो. घाई करू नये. ९९९ च्या वर गेलं की खिडकीत ‘×१०’ ची खूण येते. ती न बघितल्यामुळे २८० आणि २८०० यांत गल्लत करणारे लोक मी पाहिले आहेत.

आता डबीतून निघालेल्या कागदाविषयी. त्यावर रंगीत तक्ता आहे: ५० ते १५० ‘उत्कृष्ट’, १५० ते २५० ‘चांगलं’, २५० ते ३०० ‘बरं’, ३०० ते ५०० ‘वाईट’, आणि १२०० च्या वर ‘अयोग्य’. खाली जागतिक आरोग्य संघटनेचं नाव. हाच तक्ता आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो, प्युरिफायर विकणाऱ्यांच्या संकेतस्थळांवर दिसतो, यूट्यूबच्या व्हिडिओंत दिसतो. तो नीट वाचला तर एक गोष्ट लगेच खटकते. ५०० नंतर थेट १२००. मधल्या सातशेंचं काय? ८०० टीडीएसचं पाणी प्यायचं की नाही, हे तक्ता सांगतच नाही. एखाद्या आरोग्यविषयक संस्थेने मेहनतीने तयार केलेल्या कोष्टकात इतकं मोठं भगदाड राहील, हे मला पटेना. म्हणून मूळ शोधलं.

जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मार्गदर्शक तत्त्वं इंटरनेटवर मोफत आहेत. जाडजूड दस्तऐवज आहे, पण टीडीएसचा भाग अगदी छोटा आहे. तिथे टीडीएससाठी आरोग्याच्या निकषावर कुठलीही मर्यादा ठरवलेलीच नाही. जे आहे ते चवीबद्दल: साधारण ६०० पर्यंत पाण्याची चव चांगली लागते, १००० च्या वर ती बिघडत जाते. संघटनेच्या जुन्या दस्तऐवजात चव पाहणाऱ्या गटाने दिलेली वर्गवारीही सापडते. ३०० च्या खाली उत्तम, ३०० ते ६०० चांगलं, ६०० ते ९०० बरं, ९०० ते १२०० वाईट, १२०० च्या वर नकोसं. व्हॉट्सॲपवरच्या तक्त्यात शेवटचा १२०० जसाच्या तसा राहिला आहे आणि खालच्या पायऱ्या कुणीतरी ओढून खाली आणल्या आहेत. जिभेच्या आवडीनिवडीची यादी होती, ती किडनीच्या धोक्याची यादी होऊन बसली.

आपल्याकडचं मानकही बघितलं. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १०५००, दुसरी सुधारित आवृत्ती २०१२ ची. ब्यूरोच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की ते मोफत उतरवून घेता येतं. त्यात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे, आणि दुसरा पाणीस्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलेलं आहे. म्हणजे कागदावरच्या तक्त्यात ‘वाईट’ म्हटलेलं ४०० चं पाणी भारतीय मानकात बिनघोर बसतं. नैसर्गिक मिनरल वॉटरसाठी वेगळं मानक आहे, आयएस १३४२८. त्यात टीडीएस १५० ते ७०० असावा लागतो. फ्रान्सहून येणाऱ्या एव्हियनच्या बाटलीवर छापलेला आकडा ३०० च्या वर आहे. लोक ते पाणी मुद्दाम जास्त पैसे मोजून पितात, आणि वहिनींना मात्र ७२ च्या पाण्याची भीती घातली जाते.

तक्ता एकच असता तरी ठीक होतं. दुसऱ्या एका पानावर ‘५० च्या खाली सर्वांत शुद्ध’ लिहिलेलं सापडलं, तिसऱ्यावर ‘५० च्या खाली असेल तर हाडं ठिसूळ होतात’. दोन्हीकडे त्याच आरोग्य संघटनेचा हवाला. एकाच्या दुकानात ० ते ५० टीडीएस देणारी मशीन होती, दुसऱ्याच्या दुकानात ‘मिनरल’ परत मिसळणारी मशीन. ज्याच्याकडे जो माल, त्याप्रमाणे पायरी.

वहिनींकडे तो माणूस पुन्हा येणार होता. मी त्यांना म्हटलं, मला हाक मारा. या वेळी त्याने दुसरं उपकरण काढलं. दोन पेले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात मशीनचं, आणि वर सळ्यांच्या दोन जोड्या असलेलं वीजेचं साधन. प्लग लावला आणि नळाचं पाणी बघता बघता हिरवट, मग तपकिरी झालं. वर गाळाचा तवंग. मशीनचं पाणी जवळजवळ स्वच्छ. वहिनींचे सासरे खुर्चीतून उठून बघायला आले. ‘आजोबा, हे तुम्ही रोज पिता,’ तो म्हणाला.

मी वहिनींकडून चिमूटभर मीठ मागून घेतलं आणि त्याच्याच हाताने, प्लग काढून, त्याच्या स्वच्छ पेल्यात टाकायला सांगितलं. पुन्हा प्लग लावल्यावर तो पेलाही तपकिरी झाला. त्यामागे लपवाछपवीचं काही शास्त्र नाही. एक सळई लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंजासारखा गाळ पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, वीज वाहत नाही, लोखंड झिजत नाही. जो गाळ दिसला तो नळातून आलेलाच नव्हता, त्याच्या सळईतून आला होता. (हा प्रयोग घरी कुणी करू नये. पाणी आणि घरची वीज एकत्र आहे.) तो मुलगा तरुण होता, कंपनीने शिकवलं तेच करत होता. त्याच्यावर मी आवाज चढवला नाही. पण आजारी माणसासमोर असा प्रकार करायला ज्यांनी त्याला शिकवलं, त्यांचा मला मनापासून राग आहे.

नंतर घरी आल्यावर मी मीटर घेऊन जे दिसेल ते मोजलं. पेलाभर पाण्यात दोन चमचे साखर विरघळवली: आकडा जवळपास तिथेच, कारण साखर वीज वाहून नेत नाही. म्हणजे विरघळलेल्या ‘सगळ्या’ पदार्थांतलाही एक मोठा वर्ग याला दिसत नाही. शहाळ्याचं पाणी: अडीच हजारांच्या पुढे. तक्त्याप्रमाणे शहाळं म्हणजे विषच. समोरच्या बिल्डिंगच्या एसीतून ठिबकणारं, धूळ आणि बुरशीवरून ओघळून आलेलं पाणी: १४. सगळ्यांत ‘शुद्ध’ पाणी ते. आणि उकळून गार केलेलं नळाचं पाणी: ७४. न उकळलेलं ७२.

या शेवटच्या दोन आकड्यांपाशी मी फार वेळ थांबले. घरात लहान मूल आहे, बाहेर धो धो पाऊस आहे, गॅस्ट्रोची साथ आहे. अशा वेळी उकळलेलं पाणी आणि न उकळलेलं पाणी यांत जो फरक आहे तो दवाखाना आणि घर यांतला फरक आहे. मीटरला तो फरक दिसतच नाही. उलट उकळलेल्या पाण्याचा आकडा किंचित जास्त, कारण थोडी वाफ उडून गेली.

हिशेब साधा आहे. एका जिवाणूचं वजन साधारण एका ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाएवढं. एका लिटरमध्ये दहा लाख जिवाणू असले तरी त्यांचं सगळ्यांचं मिळून वजन एका मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाएवढंच भरतं, आणि या मीटरची सर्वांत छोटी पायरी एक मिलिग्रॅमची आहे. भारतीय मानकात ई. कोलाय हा जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये एकही सापडता कामा नये असं म्हटलं आहे. शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे मर्यादेच्या दहापट शिसं पाण्यात असलं तरी खिडकीतला आकडा हलणार नाही. जे खरोखर घातक, ते याच्या नजरेच्या बाहेर आहे. याचा अर्थ मीटर खोटा नाही. त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा आहे.

मुंबईच्या बाबतीत तर अधिकच. आपलं पाणी सात तलावांतून येतं: अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. विहार १८६० पासूनचा, तानसा १८९२ पासूनचा. डोंगरातलं पावसाचं पाणी, जमिनीत मुरून क्षार उचलायला त्याला वेळच मिळत नाही. म्हणून त्यात क्षार मुळातच कमी. भांडुप आणि पांजरापूरला ते शुद्ध होतं, क्लोरीन पडतं. धोका त्यानंतरच्या प्रवासात आहे. पाणी ठरावीक तासच येतं, बाकी वेळ नळ रिकामा. दाब नसलेल्या जुन्या पाइपला भोक असेल आणि बाजूने गटार जात असेल तर घाण आत ओढली जाते. त्यापुढे सोसायटीची जमिनीखालची टाकी, तिचं तुटकं झाकण, मग पंप, मग गच्चीवरची टाकी. या सगळ्या वाटेवर जे मिसळू शकतं ते जंतू आहेत. क्षार काढून टाकणारं चौदा हजारांचं मशीन ज्या कारणासाठी विकलं जात होतं, ते कारण आमच्या नळाला लागूच नव्हतं.

आता माहिती कुठून घ्यायची, कुणावर विश्वास ठेवायचा, याविषयी जे माझ्या लक्षात आलं ते लिहिते. कारण मीटरपेक्षा या शोधात माझा जास्त वेळ गेला.

पहिली गोष्ट, संख्येला भुलायचं नाही. टीडीएसचा तक्ता मला असंख्य पानांवर दिसला. पण त्यांतल्या कितीतरी पानांवर वाक्यं शब्दशः तीच होती, एका शब्दाची चूकही तीच. एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी उचललं. दहा जणांनी एकाच माणसाकडून ऐकलेली गोष्ट सांगितली तर साक्षीदार एकच धरायचा. मोठ्या संस्थेचं नाव खाली टाकलं असेल तर त्या संस्थेच्या स्वतःच्या दस्तऐवजात ते आहे का, हे बघेपर्यंत ते नाव नुसतं सजावट आहे. आणि बघणं आता अवघड राहिलेलं नाही, फोनवरच पीडीएफ उघडून त्यात शब्द शोधता येतो. इंग्रजीची अडचण असेल तर घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला बसवा शेजारी.

यूट्यूबवर मराठीतही या विषयावर पुष्कळ व्हिडिओ आहेत. मी आधी व्हिडिओच्या खालची जागा बघते. तिथे मशीन विकत घेण्याची लिंक असेल तर माणूस खोटंच बोलतो असं नाही, पण त्याचं बोलणं विक्रेत्याचं बोलणं म्हणून ऐकायचं. काही जण प्रामाणिकपणे सांगतात की हा मीटर जंतू ओळखत नाही. हे एक वाक्य व्हिडिओत आहे की नाही, यावरून मी पुढचं किती मनावर घ्यायचं ते ठरवते.

खरेदीच्या ॲपवरचे अभिप्राय मला फार उपयोगी वाटले नाहीत. ‘एकदम अचूक’ लिहून पाच तारे देणाऱ्याने ते कशाशी ताडून पाहिलं, हे कुणीच लिहीत नाही. प्रमाणित द्रावणाचा उल्लेख असलेला अभिप्राय शोधून वाचा, असे थोडे असतात पण त्यांत खरी माहिती असते. एका मीटरखाली तर चक्क थर्मामीटरबद्दलचे अभिप्राय होते.

पालिकेच्या माहितीवर विश्वास ठेवायचा का, असं आमच्या तळमजल्यावरच्या काकांनी विचारलं. त्यांचा रोख होता की पालिका स्वतःच्या पाण्याला चांगलंच म्हणणार. प्रश्न रास्त आहे. पण पालिकेच्या पर्यावरण स्थिती अहवालात विभागवार किती टक्के नमुने पिण्यायोग्य नव्हते, हेही छापलेलं असतं. स्वतःच्या विरुद्ध जाणारा आकडा जो छापतो, त्याच्या बाकीच्या आकड्यांना मी जास्त वजन देते. तरीही नमुना कुठून घेतला हे बघायचंच. पालिकेची जबाबदारी सोसायटीच्या जोडणीपर्यंत, त्यापुढची टाकी आपली. अहवाल चांगला आला म्हणून आपली टाकी स्वच्छ ठरत नाही.

आणि हे सगळं आरओच्या विरोधकांनाही लागू आहे. मी ग्रुपवर तक्त्याबद्दल लिहिल्यावर लगेच उलटा फॉरवर्ड आला: ‘आरओचं पाणी हाडांतलं कॅल्शियम शोषून घेतं, अनेक देशांत बंदी, भारतातही सरकारने बंदी घातली.’ देशाचं नाव नाही, कायद्याचं नाव नाही, साल नाही. भारतापुरतं खरं एवढंच की राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं की जिथे टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओच्या वापरावर बंदी आणणारी अधिसूचना काढा, आणि जिथे वापर होईल तिथे किमान ६० टक्के पाणी वाचलं पाहिजे. कारण ही मशीन पिण्याच्या पाण्याच्या कितीतरी पट पाणी मोरीत सोडून देतात. लवादाचा निर्देश वेगळा आणि घराघरांत लागू झालेली सरसकट बंदी वेगळी.

कॅल्शियमचा मुद्दा तर मुंबईत आणखीच कच्चा आहे. आमच्या पाण्याचा टीडीएस ७२. समजा ते ७२ मिलिग्रॅम पूर्णच्या पूर्ण कॅल्शियम असतं, जे नाही, तरी पेलाभर गाईच्या दुधात त्याच्या तिप्पट असतं. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त. मुंबईचा माणूस पाण्यातून कॅल्शियम मिळवतच नव्हता, तर आरओने त्याचं काय काढून घेतलं? माझं मत आरओविरुद्ध आहे म्हणून मला सोयीचा वाटणारा खोटा मुद्दा मी चालू देणार नाही. ग्रुपवर मी हेही लिहिलं. दोघं-तिघं नाराज झाले.

मग मीटर घ्यावा की नाही? काही कामांना तो खरंच चांगला आहे. मे महिन्यात आमच्याकडे टँकर मागवावा लागला. टँकरवाला ‘पालिकेचंच पाणी’ म्हणत होता, मीटरने ४१० दाखवलं. तलावाच्या पाण्याचा हा आकडा नाही, बोअरचं पाणी आहे हे पाच सेकंदांत कळलं. आम्ही ते वापरायला ठेवलं आणि पिण्याचं वेगळं भरलं. ज्यांच्याकडे बोअरचं किंवा खाडीकाठचं खारं पाणी आहे, त्यांना आरओची गरज असू शकते, आणि त्यांचं मशीन नीट चालतं का हे बघायला हा मीटर हवाच. आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी मोजा. दोन्ही आकडे जवळ यायला लागले की मेम्ब्रेन, म्हणजे मशीनमधला क्षार अडवणारा पडदा, संपत आलं. सर्व्हिसवाला ‘वर्ष झालं, बदला’ म्हणाला आणि मीटर अजून ४०० चे ३० दाखवत असेल तर घाई नाही.

तलावाचं पाणी येणाऱ्यांनी मात्र आधी दुसऱ्या चाचण्यांवर पैसे घालावेत. क्लोरीन तपासायला पालिकेची माणसं पूर्वापार ओटी टेस्ट करतात, दोन थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. त्यातलं रसायन आरोग्याला चांगलं नाही म्हणून आता डीपीडी गोळीची पद्धत बरी, त्यात गुलाबी रंग येतो. मानकाप्रमाणे लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन नळापर्यंत शिल्लक असायला हवं. गच्चीवरच्या टाकीत ते शून्य आलं तर टाकी धुवायची वेळ झाली. दुसरी चाचणी एचटूएस बाटलीची, ती जिवाणूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूवरून दूषित पाणी ओळखते. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ती पद्धत १९८२ साली मांडली. बाटलीत पाणी भरायचं, उबदार जागी दिवस-दोन दिवस ठेवायचं, काळं पडलं तर मैलापाण्याचा संशय. कधी कधी निरुपद्रवी जिवाणूंनीही काळं पडतं, म्हणून त्यानंतर प्रयोगशाळेत नमुना द्यायचा. पण टीडीएसच्या आकड्यापेक्षा हे उत्तर मुंबईकराच्या कितीतरी जास्त कामाचं आहे. आमच्या गच्चीवरच्या टाकीची बाटली काळी पडली होती. तेव्हा त्या टाकीच्या पाण्याचा टीडीएस ७२ च होता.

टाकी धुतली, झाकण बदललं, पुन्हा बाटली लावली. वहिनींनी चौदा हजारांचं मशीन घेतलं नाही. सासऱ्यांसाठी पाणी उकळतात आणि स्वयंपाकघरात यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा, साधा प्युरिफायर बसवला आहे.

मीटरला माझे पाचपैकी चार. एक कमी यासाठी की डबीवर गुणक छापलेला नव्हता, मला द्रावणावरून तो ओळखावा लागला. घेताना तापमान सांभाळणारा घ्या, आकडा धरून ठेवणारं ‘होल्ड’चं बटण असलेला घ्या. सेल एलआर४४ चे लागतात, घड्याळवाल्याकडेही मिळतात. वापरून झाल्यावर पिना साध्या पाण्याने धुवून झटकायच्या, क्षाराचा थर बसला की आकडा कमी दाखवायला लागतो. आणि डबीतला रंगीत तक्ता फ्रीजवर चिकटवू नका. तिथे आयएस १०५०० ची मर्यादा हाताने लिहून लावा: ५००, आणि तिच्याखाली टाकी धुतल्याची तारीख.